साऊकाकूचा नातू

दा लात, १६ फेब्रुवारी १९८७

तोंग,

आधी 'पूज्य भन्ते' असं लिहिलं. मग डोळ्यांपुढे आला तो आमच्या धक्क्यावरून नदीत उलटी उडी मारून चड्डी हरवून बसलेला मुलगा, आणि हात थांबला. इतक्या वर्षांनी लिहितेय, तेव्हा बिरुद चुकलं तर बुद्ध रागावणार नाही. तूही रागावू नकोस. पत्रापुरतं 'तू'च म्हणते.

हे टपालाने पाठवत नाहीये. भाजीच्या ट्रकवरचा किएम बेन त्रेपर्यंत जातो, तो हातोहात देईल. उत्तर त्याच्याकडेच दे.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. सहकारी मळ्यात फुलं खुडायला जाते. ग्लॅडिओलस, शेवंती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. जुन्या, हरलेल्या सैन्यातला लेफ्टनंट होता, म्हणून नव्या सरकारने त्याला छावणीत ठेवलं. तिथून परत आला तेव्हाच अर्धा संपला होता. इथे थंडी असते. चुलीत पाइनची लाकडं जळतात. त्या धुराला वास छान, पण आपल्याकडच्या नारळाच्या सोडणांच्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि आई म्हणायची, "रडून घे आत्ताच, सासरी जाताना वेळ मिळणार नाही," ती मजा नाही त्यात. तेतचा, नव्या वर्षाचा सण झाला की पंधरा दिवस मला हे असं होतं. आन लोंगचा घाट, होडीत बसलेल्या बदकवाल्या, लुकची शिट्टी. माझा भाऊ आज असता तर चाळिशीचा असता. पोट सुटलं असतं त्याचं, खात्रीने.

आता कामाचं. माझा मुलगा विन्ह अठराचा झाला. यंदा नाहीतर पुढच्या वर्षी भरतीची चिठ्ठी येणार, आणि मग कंबोडियाची लढाई. कॉलेजात घ्यायला बापाचा इतिहास आडवा येतो, लढाईवर पाठवायला येत नाही. आमच्या गल्लीतून चार पोरं गेली. एक परत आला, तो आता रस्त्यात फटफटी फुटफुटली तरी गटारात आडवा पडतो.

तोंग, विन्हला तुझ्या विहारात ठेवून घेशील का? मुंडण कर, झाडायला लाव, काहीही कर.

आई तुला काय बोलली ते मी विसरलेले नाही. आपलं ठरलेलं होतं. तू मुंडण केलंस त्याच दिवशी तिने सुपारीचं तबक तुमच्या घरी परत धाडलं, आणि घाटावर सगळ्यांदेखत ओरडली, "मुलगी मी माणसाला देणार, सोललेल्या मुळ्याला नाही!" अख्खा घाट हसला होता. तरीही तुलाच विचारतेय. दुसरं कोण आहे?

दिएप

*

आन लोंग, ८ मार्च १९८७

दिएप,

चड्डी हरवली नव्हती. लुकने पळवली होती. इतिहास नीट लिहावा.

तुझं पत्र किएमने कोबीच्या टोपलीतून काढून दिलं. अजून त्याला कोबीचा वास आहे. मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग बाहेर जाऊन अंगण झाडलं, तेही पुन्हा पुन्हा.

नाही, दिएप. त्याला इथे ठेवता येणार नाही.

आमच्या वेळी डोक्यावरून वस्तरा फिरला की पोलीस दारातून परत जायचे. शिव्या घालत जायचे, पण जायचे. आता तसं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या दोन तरुण श्रमणांना याच दारातून नेलं. केस उगवायच्या आत डोक्यावर लष्कराची टोपी बसली. विहारात तुझ्या मुलाला ठेवणं म्हणजे मांजर लपवायचं म्हणून बाजाराच्या मधोमध टोपलीखाली ठेवणं. पहिल्यांदा इथेच बघतील.

आणखी एक. मुलाला विचारलंस का? लपणं हलकं नसतं. ज्याला करायचंय त्याने ते स्वतः ठरवलेलं बरं.

साऊकाकू, म्हणजे तुझी आई, ठीक आहे. गुडघा दुखतो, तोंड दुखत नाही. होडीत मी दिसलो की पाठ करून बसते. इतकी वर्षं मी तिची पाठ पाहतोय. आता जरा वाकलीय. बाकी घाट तसाच. बदकवाल्यांच्या मुली आता बदकं विकतात.

तोंग

*

दा लात, २ एप्रिल १९८७

पूज्य भन्ते,

पत्र पोचलं. आईने तबक परत पाठवलं त्याची परतफेड झाली, असं समजते. मुलाला विचारायचा उपदेशही पोचला. ज्याला मूल नाही त्याला असले उपदेश सुचतात.

चिठ्ठी आली आहे. मेअखेर तो जाईल. उत्तर पाठवू नये, किएमला उगाच त्रास.

दिएप

*

आन लोंग, ११ जुलै १९८७

दिएप,

किएमला त्रास देतोय. रागाव, पण वाच.

तुझा मुलगा इथे आहे. सुखरूप आहे. पायाला जखम होती, ती भरतेय.

गेल्या महिन्यात साऊकाकू विहारात आली. पुढच्या दाराने नाही. मागच्या, स्वयंपाकघराच्या. मी भोपळा चिरत होतो. माझ्याकडे न बघता ती थेट चुलीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे हात जोडून उभी राहिली आणि मोठ्याने बोलायला लागली.

"बुद्धदेवा, मी इथल्या कोणाशी बोलत नाहीये. तुझ्याशी बोलतेय. कोणाच्या कानावर पडलं तर तो त्याचा प्रश्न."

मी चिरत राहिलो.

"माझा नातू आलाय दा लातहून. पायात एकच चप्पल. भरतीच्या गाडीतून उडी टाकून पळालाय. त्याला मी नेऊन टाकलाय बेटावर, आपल्या नारळाच्या वाडीत. पण म्हातारीला काय कळतं? गस्तीची होडी कुठून येते, पाणी कुठवर चढतं, माणसाने बसायचं कुठं? ज्याने हे केलंय त्यालाच ठाऊक. असा एक माणूस या गावात आहे म्हणतात. नाव मी घेणार नाही."

मी म्हटलं, "काकू, पाणी चढलं की उत्तरेकडच्या—"

"देवा, हा मध्ये बोलतोय."

मग मीही सुरी ठेवली आणि तसबिरीकडे तोंड केलं. म्हटलं, "बुद्धदेवा, मुंडणाआधी मी दोन महिने त्याच बेटाच्या काठाला, खाडीतल्या बुटक्या ताडांच्या जाळीत बसलो होतो. ज्याला बसायचंय त्याने उत्तरेकडे बसू नये, तिथे जळवा आहेत. दक्षिणेकडे एक उंचवटा आहे, उधाण आलं तरी बुडत नाही. धूर करायचा तर सकाळी, धुकं असताना."

"ऐकलंस ना देवा?" काकू म्हणाली. "लक्षात ठेव. मला आठवत नाही हल्ली." आणि जाताना चिरलेला अर्धा भोपळा पदरात घालून घेऊन गेली.

तेव्हापासून आमचं बुद्धामार्फत बोलणं चालू आहे. दर दोन दिवसांनी मी सरपणाच्या निमित्ताने होडी घेऊन जातो, तांदूळ आणि खारवलेलं काहीतरी ठेवून येतो. विन्ह उंच आहे. हनुवटी लुकची. मला पहिल्यांदा पाहिल्यावर त्याने विचारलं, "तुम्हीच ते का, आईला नाही म्हणालेले?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बरं केलंत. मला चीवर घालून खोटं बोलायला जमलं नसतं. नुसतं पळायला जमलं." तो आपण होऊन पळालाय, दिएप. तुझ्या सांगण्यावरून नाही, माझ्याही नाही.

तू येऊ नकोस. तुझ्यावर नजर असेल.

तोंग

*

दा लात, २० ऑगस्ट १९८७

तोंग,

तुझं पत्र घेऊन मी शेवंतीच्या वाफ्यात बसले आणि हसले की रडले ते मलाच कळलं नाही. "देवा, हा मध्ये बोलतोय"! आई अगदी तशीच आहे.

माझ्या मागच्या पत्राबद्दल काही लिहीत नाही. तुला कळतं.

इथे दोनदा माणसं येऊन गेली. कपाट उघडलं, माळ्यावर चढले. मी सांगितलं, तुमच्या गाडीतून गेला, तुम्हीच शोधा. ते सोपं होतं. मळ्यातलं अवघड आहे. मी आले की बायका गप्प होतात. माझ्या शेजारच्या वाफ्यातल्या बाईचा मुलगा आघाडीवर आहे. ती एवढंच म्हणाली, "दिएप, तुझी शेवंती यंदा छान फुललीय. सावलीतली फुलं जास्त टिकतात." सगळ्या हसल्या. मी खुडत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर मी देठ सोडून नुसती बोंडंच तोडली होती.

तेव्हा मला बाजारातली आई आठवली. लुकने आणि तू एकाच दिवशी मुंडण केलंत. दुसऱ्या दिवसापासून आई भाजी घ्यायला गेली की कोणीतरी म्हणायचंच, "साऊ, तुझ्या पोराच्या डोक्याला छान वारा लागत असेल! माझा तिकडे हेल्मेटखाली शिजतोय." मी तिच्याबरोबर असायचे. ती उलट उत्तर देत नव्हती. आई, आणि उत्तर देत नाही! घरी येऊन भांडी आपटायची. मग एके दिवशी टोपली तिथेच बाजारात टाकून ती सरळ विहाराकडे चालत गेली. पुढचं मी पाहिलेलं नाही. लुक परत आला एवढंच पाहिलं. तिने त्यानंतर त्या दिवसाबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही.

सांगशील? आणि आणखी एक विचारते, रागाने नाही. तेव्हा लोक म्हणायचे तोंग घाबरला. काही म्हणायचे, नाही, त्याला खरंच वैराग्य आलंय. मी दोन्ही बाजूंनी भांडायचे, माणूस बघून. खरं काय होतं? आणि पंच्याहत्तर साली लढाई संपली तेव्हा चीवर उतरवलं का नाहीस? बाकीच्यांनी उतरवलं म्हणतात.

दिएप

*

आन लोंग, ३ जानेवारी १९८८

दिएप,

उशीर झाला. किएमचा ट्रक मोडला होता, आणि मीही जरा मोडलो होतो. मलेरिया. आता बरा आहे.

घाबरलो होतो. एवढंच. वैराग्य वगैरे काही नव्हतं. आमच्या आळीतला दाय पेटीतून परत आला तेव्हा ती पेटी उचलणाऱ्यांत मी होतो. ती एका बाजूला हलकी होती. त्यानंतर मी आधी जाळीत लपलो, आणि जळवांना कंटाळून विहारात गेलो. मोठे भन्ते म्हणाले, "कशासाठी आलास?" मी म्हटलं, "भीती वाटते." ते म्हणाले, "बहुतेक जण त्यासाठीच येतात. झाडू तिकडे आहे."

लुकची गोष्ट वेगळी. त्याला माझ्या सोबतीसाठी यायचं होतं. महिनाही झाला नाही तो इथे. पण त्या दिवसांत विहार जितका हसला तितका ना आधी ना नंतर. सुकट खाल्ल्याशिवाय त्याच्या घशाखाली भात उतरायचा नाही. त्याने पुरचुंडी करून ती प्रार्थनेच्या मोठ्या लाकडी ढोलात लपवली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पाठाला गावातली सगळी मांजरं हजर. ढोलाभोवती गोल करून बसली. मोठे भन्ते पाठ म्हणता म्हणता थांबले आणि म्हणाले, "इतके श्रद्धाळू श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते." लुक हसून हसून चटईवर आडवा झाला.

तुझी आई आली तेव्हा आम्ही दोघं विहिरीवर होतो. ती ओरडली नाही. तिने फक्त हात पुढे केला, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना करतात तसा, आणि म्हणाली, "चल घरी. मला बाजारात जाता येत नाही." लुकने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तो तिला कधी नाही म्हणालेला तुला आठवतो? जाताना त्याने मला डोळा मारला. "आठ दिवसांत तिची समजूत काढून येतो. ढोलावर लक्ष ठेव." चौथ्या दिवशी त्याला घरून सैन्यात नेलं. पावसाळा संपायच्या आत तो गेला.

म्हणून ती माझ्याकडे पाठ करते. मी मुळा आहे म्हणून नाही.

पंच्याहत्तरला मी खरंच चीवर उतरवायला निघालो होतो. तुझं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, त्यामुळे तुझ्यासाठी नाही. मग सकाळ झाली, पाठाची वेळ झाली आणि मी उठून बसलो. भीती संपली होती, सवय उरली होती. सवयीचीच पुढे आवड झाली. याहून मोठं काही मला सांगता येत नाही.

आता इकडचं. गावात कुजबुज आहे. कोणीतरी साऊकाकूच्या दाराला फुलाफुलांचं बायकी पोलकं टांगलं. नातवासाठी, म्हणून. सकाळी सगळी आळी मजा बघायला उभी. काकूने ते काढलं, उलटसुलट करून शिवण पाहिली, आत गेली, आणि तेच घालून बाहेर आली. बाजारात गेली. "कापड चांगलंय," सगळ्यांना सांगत होती. "कोणी दिलं ते कळलं तर दुसरंही मागेन. बाह्या जरा मोठ्या हव्यात." दुसरं काही आलं नाही.

तिची शेजारीण चिनमावशी मात्र हसली नाही. तिचा तान आघाडीवर आहे. ती काकूशी बोलायची थांबलीय.

तोंग

*

दा लात, १४ फेब्रुवारी १९८८

तोंग,

त्या ढोलातल्या सुकटीसाठी तुझे पाय धरावेत असं वाटलं. वीस वर्षं माझ्याजवळ लुकचा एकच चेहरा होता, फोटोतला. आता तो आडवा पडून हसतो.

आईला सांगू नकोस, मला कळलंय ते. पोलक्यासाठी दा लातची लोकर पाठवतेय, बाह्या मोठ्या करून घे म्हणावं. विन्हला स्ट्रॉबेरीचा मुरंबा.

दिएप

*

आन लोंग, ९ ऑक्टोबर १९८८

दिएप,

मुरंबा पोचला, लोकर पोचली. या पत्रात तेवढीच चांगली बातमी आहे.

चिनमावशीचा तान गेला. सुरुंगावर. देह आला नाही. एक कागद आला आणि एक पिशवी. मी पाठाला गेलो. अंगणात सगळा गाव होता आणि भरतीच्या कचेरीतला अधिकारीही, सरकारतर्फे, छातीवर काळी फीत लावून.

साऊकाकू आली. सगळ्यांना वाटलं होतं येणार नाही. हातात उदबत्त्या घेऊन ती अंगणात शिरली आणि चिनमावशी उठली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"तू कशाला आलीस? मोजायला? माझा गेला, तुझा राहिला, हे बघायला?"

काकू उदबत्त्या तशाच धरून पुढे आली.

"माझ्या तानला जाताना भीती नव्हती वाटत? वाटत होती! माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता तो! मी म्हटलं जा, लोक काय म्हणतील. आणि तू? तुझा नातू! सांगू सगळ्यांना तुझा नातू कुठं—"

अधिकाऱ्याने मान वर केली.

दिएप, त्या अंगणात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला वाटत होतं आम्ही फार हुशारीने चालवलंय. कसलं काय! होडीवाल्याला ठाऊक, बदकवाल्यांना ठाऊक, पोलकं टांगणाऱ्यालाही ठाऊक. इतके महिने सगळे टोमणे मारत होते आणि एकानेही बेटाकडे बोट दाखवलं नव्हतं. आता सगळे चिनमावशीच्या तोंडाकडे बघत होते. पाठ म्हणणारा मीही थांबलो होतो.

"बाई, बोला," अधिकारी म्हणाला. "नातू कुठे?"

चिनमावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या फितीकडे.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुम्ही माझाच नीट सांभाळला नाहीत. दुसऱ्याचा कशाला हवाय?" आणि खाली बसली. काकूने उदबत्त्या लावल्या आणि तिच्या शेजारी बसली. चिनमावशीने तिला ढकललं. ती पुन्हा बसली. पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा ढकललं नाही.

विन्हला मी सांगितलं. तो म्हणाला, "मी उद्या हजर होतो." काकूने त्याचं ऐकून घेतलं आणि बुद्धाला नाही, थेट त्यालाच म्हणाली, "एकदा मी एकाला हाताला धरून नेलं. आता माझ्यात दुसऱ्याला न्यायची ताकद नाही. तुला जायचं असेल तर माझ्या मेल्यावर जा." तो गेला नाही. पण त्या दिवसापासून कमी बोलतो.

तोंग

*

दा लात, ६ नोव्हेंबर १९८८

तोंग,

पत्र वाचताना 'तेवढीच चांगली बातमी' या शब्दांशी आले तेव्हा पुढचं नाव वाचायच्या आत मी कागद मिटला. ते नाव 'तान' आहे हे कळल्यावर मी श्वास सोडला. सोडलाच. मग चिनमावशीचं अंगण डोळ्यांपुढे आलं. तिच्या घरी आम्ही दोघी सागरगोटे खेळलोय, ती लग्न होऊन आली तेव्हा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी.

मी मळ्यात त्या शेजारच्या बाईला आज विचारलं, मुलाचं पत्र येतं का? ती दचकली. मग म्हणाली, दोन महिने आलं नाही. आम्ही दोघी दुपारपर्यंत एकाच वाफ्यात होतो.

त्याला सांभाळ.

दिएप

*

आन लोंग, १५ डिसेंबर १९८९

दिएप,

किएमकडून तोंडी निरोप पोचत होते, म्हणून लिहिणं राहिलं. आता सविस्तर.

कंबोडियातून सैन्य परत आलं तसा विन्ह बेटावरून उतरला. आपल्या पायांनी कचेरीत गेला. तोच अधिकारी होता. त्याने बराच वेळ कागद चाळले, मग म्हणाला, "सहा महिने कालवा खणायचा." संपलं. तेवढ्यासाठी दोन वर्षं जळवा!

कालव्यावरून आला की तो संध्याकाळी चहाच्या टपरीवर जातो. मी म्हटलं, कशाला जातोस? तो म्हणाला, "लपून कंटाळा आलाय." तिथे परत आलेली पोरं बसतात. त्यांच्यातला म्होरक्या लाम. चार वर्षं तिकडे काढून आलाय, बोलताना एक डोळा फडफडतो. विन्ह आला की लाम टपरीवाल्याला ओरडून सांगतो, "ए, साहेबांना शहाळं दे! त्यांना चहा चालत नाही. आम्ही झाडपाला खात होतो तेव्हा यांची शहाळी चालली होती!" पोरं हसतात. विन्ह चहा पितो, ग्लास विसळतो, निघतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. त्याच्या बाकावर कोणी बसत नाही.

मी एकदा लामला थोपवायला गेलो. तो म्हणाला, "भन्ते, तुम्हाला काही म्हणत नाही, तुम्ही म्हातारे झालात. पण आम्ही दहा जण गेलो होतो, सहा आलो. ते चार जण कोणाच्या जागी होते, सांगा मला."

काकूची तब्येत उतरलीय. तेतला ये. आता येऊ शकतेस.

तोंग

*

दा लात, ४ एप्रिल १९९०

तोंग,

आईला जाऊन महिना होत आला. तेतला तिच्याजवळ होते, शेवटीही होते, आणि तिने मला सोडणांच्या धुरात रडू दिलं, याहून जास्त काय हवं. तू तिच्या उशाशी बसलास तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मला वाटलं, पुन्हा तेच. पण तुझा पाठ चुकला तेव्हा "मागची ओळ राहिली" असं तिनेच सांगितलं. थेट तुला!

तुझ्याशी नीट बोलणं झालंच नाही. घरभर माणसं, आणि तू भन्ते. वीस वर्षांचं बोलणं दोघांनी ताटं वाढता वाढता कसं उरकायचं? म्हणून हे पत्र.

एक गोष्ट मला टोचतेय. अंत्ययात्रेत मी मागे होते, बायकांत, डोक्यावरून पांढरा फडका. पुढचं काही दिसत नव्हतं. निघालो तेव्हा उदबत्तीचं भांडं घेऊन विन्ह सगळ्यांत पुढे होता, नातवाने चालावं तसा. बांधाच्या वळणावर मी मान वर केली तर भांडं तुझ्या हातात, आणि विन्ह पेटीच्या दांड्याखाली, चिखलात, वाकलेला. उचलणारी सगळी ती लामची पोरं. त्यांनी त्याला शिक्षा म्हणून जुंपलं का? आजीच्या मयतातही? मी त्याला विचारलं. तो म्हणतो, "काही नाही आई." आणि इकडे दा लातला यायला तयार नाही. म्हणतो, कालवा संपला तरी इथेच राहीन. तिथे त्याचा असा अपमान होत असेल तर मी त्याला हाताला धरून आणीन. खरं सांग.

दिएप

*

आन लोंग, २२ एप्रिल १९९०

दिएप,

हाताला धरून आणू नकोस. खरं सांगतो.

त्या दिवशी सकाळी उचलायला कोणी येईल की नाही याचीच मला धास्ती होती. म्हाताऱ्यांच्याने ती पेटी उचलली नसती, आणि तरुण म्हणजे सगळे लामचे. मी कोणाला बोलावलं नव्हतं. बोलावण्याचं तोंड नव्हतं. उन्हं वर येईपर्यंत अंगणात आम्ही तिघं-चौघंच. विन्ह एकटाच दांडे बांधत होता.

मग ती पोरं आली. धुतलेले जुने सैनिकी सदरे घालून, रांगेत. लाम पुढे. तो विन्हशी बोलला नाही. मला म्हणाला, "भन्ते, लहानपणी पेरू चोरताना म्हातारीने मला ओल्या फोकाने झोडलंय. ती गावाबाहेरच्यांच्या खांद्यावर गेलेली मला चालणार नाही." आणि त्यांनी दांडे खांद्यावर घेतले.

वळणाशी बांध अरुंद होतो, तुला आठवतं. तिथे लाम थांबला. सगळे थांबले. तो म्हणाला, "ए विन्ह. ते भांडं भन्तेंकडे दे. इकडे माणूस कमी पडतोय."

कमी कोणीच नव्हतं, दिएप. सगळे दांडे भरलेले होते. विन्हलाही ते दिसत होतं. तो तसाच उभा राहिला. लाम ओरडला, "बहिरा झालास का बेटावर? खांदा दुखतोय माझा! ये, धर इथं!"

तेव्हा विन्हने भांडं माझ्या हातात दिलं. देताना राख सांडली. तो वाकून लामच्या दांड्याखाली शिरला, आणि तो नीट टेकेपर्यंत लामने एक हात दांड्याला तसाच ठेवला. शेजारच्या पोराने पाऊल बदलून विन्हच्या पावलाशी जुळवून घेतलं. मग निघाले. तू मान वर केलीस ती त्यानंतर.

तिथून थेट घाटापर्यंत लाम माझ्या बाजूने चालत होता, मोकळ्या हातांनी. आणि कोणी त्याच्याकडे पाहिलं की खांदा चोळायचा.

तोंग